मेणाचा माड, समुद्राचे धुके आणि मूठभर मीठ

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): सॅन फ्रान्सिस्कोच्या आउटर सनसेट भागात, समुद्रापासून पाच-सहा गल्ल्यांवर आमचे घर आहे. कोलंबियाच्या सहलीत कोकोरा दरीतले मेणाचे माड पाहिले आणि परतल्यावर इथल्याच एका नर्सरीतून त्याचे रोप आणले. सध्या ते पंधरा लिटरच्या कुंडीत असून त्याला चार पाने आहेत. गेल्या सप्टेंबरपासून पानांची टोके करपू लागली. थंडीने माड मरेल या भीतीने नोव्हेंबरपासून ते दिवाणखान्यात हीटरजवळ ठेवले आहे. आता पाने निस्तेज झाली असून त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे फिके ठिपके आले आहेत. पानांच्या मागे पांढरी भुरी दिसते, ती मी दर आठवड्याला ओल्या कापडाने पुसते. मधली सुई, म्हणजे अजून न उमललेले नवे पान, मात्र हिरवी आहे. माझे वडील मूळचे गुहागरचे. गेल्या ऑगस्टमध्ये ते आले असताना त्यांनी बुंध्याशी मूठभर मीठ घातले होते. रोप वाचेल का? दोन वर्षांनी लिव्हरमोरला घर घेण्याचा विचार आहे, तर हे रोप जमिनीत लावावे की कुंडीतच ठेवावे? पाचगणीला भावाच्या जागेत लावण्यासाठी बी पाठवता येईल का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

रोप वाचेल, असे आपल्या पत्रावरून मला वाटते. माडाच्या कुळातल्या झाडाला वाढीचा डोळा एकच असतो. तो कुजला की झाड संपले, आणि तो जिवंत असला तर सगळी पाने करपूनही झाड उभे राहू शकते. सुई हिरवी आहे एवढ्यावर थांबू नका. तिला दोन बोटांत धरून अगदी हलकेच वर ओढून पाहा. ती घट्ट असेल आणि बुडाशी आंबूस वास येत नसेल, तर पुढे जे लिहीत आहे ते आजपासून सुरू करावे.

आपल्या हातून आणि वडिलांच्या हातून जे झाले ते सगळे प्रेमापोटी झाले आणि त्यामागे एकच समजूत होती: माड म्हटला की ऊन, ऊब आणि समुद्र. कोकणातल्या माणसाच्या मनात ती इतकी खोल रुजलेली असते की कोलंबिया विषुववृत्ताजवळ आहे हे ऐकल्यावर ती आणखीच पक्की होते. मेणाच्या माडाची गोष्ट मात्र नकाशावरच्या आडव्या रेषांवरून कळत नाही. ती उंचीवरून कळते. सेरॉक्सिलॉन किंदिउएन्से हे त्याचे शास्त्रीय नाव. अँडीज पर्वताच्या कोलंबियातील मधल्या रांगेत, साधारण २,००० ते ३,१०० मीटर उंचीवर, ढगांनी वेढलेल्या जंगलात हा माड वाढतो. दर हजार मीटर चढल्यावर हवा सुमारे सहा अंशांनी गार होते, असा ढोबळ हिशेब धरला, तर किनाऱ्यावर सत्तावीस-अठ्ठावीस अंश असताना अडीच हजार मीटरवर जेमतेम तेरा अंश उरतात. तिथे उन्हाळा-हिवाळा असा फरक जवळजवळ नसतो. वर्षभर दुपार सौम्य आणि रात्र गार असते, आणि हवा ओली असते. हा माड थंडीला भिणारा नाही. उबदार रात्र आणि कोरडी हवा या दोन गोष्टी त्याला सोसत नाहीत, आणि हीटरशेजारच्या दिवाणखान्यात त्याला नेमक्या त्याच मिळाल्या.

आपल्या मनाला थोडा आधार वाटावा म्हणून माझी चूकही सांगते. पहिल्यांदा याचे बी रुजवताना मी ट्रेखाली गरम होणारी चटई घातली होती, कारण सुपारीचे बी तसे केल्यावर लवकर रुजल्याचा माझा अनुभव होता. वीस बियांपैकी सतरा बुरशीने गेल्या. उरलेल्या तीन मी वैतागून गॅरेजच्या थंड कोपऱ्यात ठेवल्या आणि विसरून गेले. सात महिन्यांनी त्यांतल्या दोघींना कोंब आले.

आता एकेक गोष्ट घेऊ.

पहिली गोष्ट मिठाची, कारण टोके करपण्याचे मूळ मला तिथे दिसते. वडिलांना कृपया दोष देऊ नका. नारळाला क्लोराइड खरोखरच मानवते. किनाऱ्यावरच्या माडाच्या आळ्यात मीठ घालण्याची कोकणातली रीत अनुभवातून आलेली आहे आणि ती नारळापुरती योग्यच आहे. पण नारळ हे खाऱ्या वाऱ्यात वाढलेले झाड आहे, तर मेणाचा माड समुद्रापासून दूर, सतत पावसाने धुतल्या जाणाऱ्या डोंगरउतारावरचा आहे. त्याच्या मुळांना मिठाची सवय नाही. पंधरा लिटर मातीत मूठभर मीठ म्हणजे त्याच्या दृष्टीने फारच झाले, आणि कुंडीत ते कुठे वाहूनही जात नाही. मातीत मीठ वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि पानापर्यंत पोहोचलेले मीठ टोकाशी साठून ते टोक जाळते. म्हणून जुन्या पानांची टोके आधी करपतात आणि करपलेल्या भागाच्या कडेला पिवळी रेघ दिसते. आपल्या रोपावर असेच दिसत असेल तर निदान पक्के समजा.

उपाय सोपा आहे, पण घाईने करू नये. वरची तीन-चार सेंटिमीटर माती मुळांना न दुखवता चमच्याने काढून टाका आणि तिच्या जागी नवे, मीठ नसलेले मिश्रण घाला. कुंडीखालची बशी कायमची काढा. मग कुंडी विटांवर ठेवून तिच्यातून साधारण पन्नास लिटर पाणी एका सकाळीत, तांब्या-तांब्याने, सावकाश जाऊ द्या. चार-पाच दिवसांनी हेच पुन्हा एकदा करा. आपल्या शहराला मुख्यतः सिएरा पर्वतातल्या हेच हेची जलाशयाचे मऊ पाणी मिळते, ज्यात क्षार फार कमी असतात. या माडासाठी हे मोठेच भाग्य आहे, कारण कॅलिफोर्नियातील पुष्कळ गावांत नळाचे पाणीच इतके जड असते की त्यानेच टोके करपतात. या काळात खत अजिबात नको. खत हेही शेवटी क्षारच असते. कुंडी बदलण्याचा मोहही आवरा, कारण आजारी मुळांना आता धक्का सोसणार नाही.

दुसरी गोष्ट पानामागची पांढरी भुरी. ती पुसणे आजच थांबवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या वेळी भिंग घेऊन पान उलटे करून पाहा. सारखा, चंदेरी-पांढरा, पानाला चिकटून बसलेला थर दिसेल, जो नखाने खरवडला तर मऊ पिठासारखा सुटतो आणि त्याखाली निरोगी हिरवा रंग असतो. भुरी रोग असता तर तो असा एकसारखा नसता. त्याचे ठिगळासारखे डाग पडले असते आणि ते वाढत गेले असते. हा थर झाडाचा स्वतःचा आहे. याच जातीच्या प्रौढ खोडावर मेणाचा लेप असतो आणि एके काळी कोलंबियात तो खरवडून त्याच्या मेणबत्त्या करीत. या प्रजातिगटाला मिळालेले सेरॉक्सिलॉन हे नावही ग्रीक भाषेतल्या मेण आणि लाकूड या शब्दांवरून आले आहे. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आणि त्यांचे सहकारी एमे बॉंप्लां १८०१ मध्ये कोलंबियातली किंदिओची खिंड ओलांडताना या माडांमधून गेले होते. आपण ज्याला रोग समजून पुसत आहात, ते झाडाने स्वतःभोवती घेतलेले पांघरूण आहे. पुसून गेलेला थर त्या पानावर पुन्हा पूर्ववत होईल अशी आशा धरू नका, पण नवे पान तो घेऊनच येईल.

फिके ठिपके मात्र वेगळे आहेत. ते लाल कोळ्याचे लक्षण आहे, आणि हीटरच्या कोरड्या हवेत कोळी फार जोमाने वाढतात. पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारा. कागदावर मिरीच्या पुडीसारखे कण पडून चालू लागले आणि बोटाने दाबल्यावर तांबूस रेघ उमटली, तर शंका उरणार नाही. औषधाची गरज नाही. रोप बाहेर नेऊन पानांवर दोन्ही बाजूंनी बारीक फवाऱ्याने पाणी मारा, चोळू नका, आणि दर तीन-चार दिवसांनी तीन आठवडे हे करीत राहा. साबणाचे पाणी किंवा तेलकट फवारा कुणी सुचवला तरी या झाडावर वापरू नये, कारण त्याने तो मेणाचा थर जातो.

आणि बाहेर म्हणजे कायमचेच बाहेर. आपले घर ज्या धुक्याच्या पट्ट्यात आहे, तो या माडासाठी अँडीजबाहेरच्या उत्तम जागांपैकी एक आहे, हे आपल्याला कुणी सांगितले नसावे. समुद्राजवळच्या आपल्या भागात ऑगस्टची दुपार वीस अंशांच्या आसपास असते, रात्र बारा-तेरा अंशांवर येते आणि हिवाळ्यातही बर्फ धरण्याइतकी थंडी क्वचितच पडते. शेजारी-पाजारी ज्या धुक्याला कंटाळतात, त्यात या रोपाला आपल्या डोंगराची हवा मिळते. गोल्डन गेट पार्कमधील सॅन फ्रान्सिस्को बोटॅनिकल गार्डन आपल्या घरापासून दूर नाही. तिथल्या अँडीजच्या ढगवनाच्या भागात मेणाचे माड उघड्यावर वाढलेले आहेत. एका धुकट सकाळी जाऊन त्यांच्याखाली उभ्या राहा, पायाखालचा पालापाचोळा हाताने चाचपा, तो किती ओला आणि किती जाड आहे ते पाहा. आपल्याला परसात तेच करायचे आहे.

आत राहिलेल्या पानांना एकदम उघड्यावर नेऊ नये. पहिला आठवडा घराच्या सावलीत, मग सकाळचे तासभर ऊन, आणि तीन आठवड्यांत त्याच्या कायमच्या जागी. लहानपणी हा माड मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतो, म्हणून निदान पहिली काही वर्षे दुपारचे थेट ऊन नकोच. जागा घराच्या मागच्या, पूर्वेकडील परसात निवडा. पाच-सहा गल्ल्यांवरून येणारा समुद्राचा वारा खारा असतो, आणि मातीतून काढलेले मीठ पानांवर पुन्हा बसू द्यायचे नाही. घराची भिंत तो वारा अडवेल.

या शहराचा एक स्वभाव मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. इथे खरी उष्णता जूनमध्ये येत नाही. ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते, जेव्हा वारा उलटा फिरून जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो, धुके हटते आणि हवा एका दिवसात कोरडी होते. १ सप्टेंबर २०१७ रोजी शहरात सुमारे ४१ अंश तापमान नोंदले गेले होते. गेल्या सप्टेंबरात आपल्या पानांना बसलेल्या फटक्यात मिठाबरोबर अशा वाऱ्याचाही वाटा असू शकतो. तसा अंदाज जाहीर झाला की आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या, दिवसभर पांढरी चादर किंवा शेडनेट पानांना न टेकता वर बांधा, आणि आजूबाजूची जमीन ओली ठेवा. दोन-तीन दिवसांचाच प्रश्न असतो.

याच कारणाने जमिनीत लावायची वेळ मी नोव्हेंबर सांगेन. उलट्या वाऱ्याचे दिवस तोवर सरलेले असतात, पाऊस सुरू होतो, आणि पुढचे पाच महिने मुळांना निसर्गच पाणी देतो. आपल्या भागातली जमीन म्हणजे जुन्या वाळूच्या टेकड्या आहेत. पाण्याचा निचरा उत्तम होतो, पण ओल टिकत नाही. खड्डा खोलीपेक्षा रुंदीला मोठा घ्या, वाळूत चांगले कुजलेले कंपोस्ट मिसळा, रोप कुंडीत होते त्याच पातळीवर बसवा आणि वर सात-आठ सेंटिमीटर जाडीचा सालीच्या तुकड्यांचा थर द्या, जो बुंध्याला मात्र टेकता कामा नये. उन्हाळ्याचे महिने इथे जवळजवळ कोरडे जातात. धुक्याने पाने ओली होतात, मुळे नाहीत, त्यामुळे मे ते ऑक्टोबर आठवड्यातून दोनदा खोल पाणी द्यावे लागेल. पुढच्या वसंतात, नवे पान पूर्ण उमलल्यावर, पोटॅश आणि मॅग्नेशियम असलेले, हळूहळू सुटणारे माडाचे खत पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मे द्या. घरापासून आणि तारांपासून अंतर किती, हे आजच मोजा. हा जगातला सर्वांत उंच माड आहे. पंचेचाळीस-पन्नास मीटर तो सहज गाठतो आणि साठ मीटरपर्यंतची नोंद आहे. आपल्या हयातीत इतका वाढणार नाही, खोड जमिनीवर दिसायलाच दशके लागतात, पण त्याआधी कित्येक मीटर लांबीच्या पानांचा झुबका तो धरील. निदान चार मीटर मोकळी जागा हवी.

इथे आपल्या लिव्हरमोरच्या प्रश्नाशी येऊन थांबावे लागते. लिव्हरमोर नकाशावर तासाभराच्या अंतरावर आहे, पण या माडासाठी तो दुसरा देश आहे. उन्हाळ्यातल्या रात्री तिथेही गार असतात हे खरे. पण दुपारी सरासरी बत्तीस अंशांच्या आसपास तापते, उष्णतेच्या लाटेत चाळिशी ओलांडते, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि हिवाळ्यातल्या काही पहाटे पारा शून्याखालीही जातो. तिथे सावली, फवारे आणि पडदे लावून आपण त्याला काही वर्षे तगवून धराल, आणि एका लांबलेल्या लाटेत तो जाईल. मी असे होताना पाहिले आहे आणि पाच-सात वर्षे सांभाळलेले झाड गेल्यावर माणसाला किती लागते तेही पाहिले आहे. माझा सल्ला असा आहे की घर बदलण्याचे नक्की असेल तर ते जमिनीत लावू नका, कारण दोन वर्षांनी उपटताना मुळे तुटतील आणि या जातीला ते मुळीच सोसत नाही. एक आकार मोठ्या, खोल कुंडीत वाढवा आणि निघताना धुक्याच्या पट्ट्यातल्याच एखाद्या जिवलग कुटुंबाच्या परसात, नोव्हेंबरात, लावून द्या. घर बदलणार नसाल किंवा विकत घेणारे झाड राखतील अशी खात्री असेल, तर येत्या नोव्हेंबरातच लावा. माझे मन दुसऱ्या पर्यायाकडे ओढते, पण निर्णय आपला आहे.

पाचगणीला बी पाठवण्याबद्दल मात्र मी स्पष्ट ‘नको’ म्हणते, आणि त्याला दोन कारणे आहेत. हवेचे कारण आधी. पाचगणी सुमारे तेराशे मीटरवर आहे, म्हणजे या माडाच्या मुलखाच्या खालच्या कडेपासूनही सातशे मीटर खाली. एप्रिल-मेमध्ये दुपार तिशीच्या वर जाते, पाऊस चार महिन्यांत कोसळून उरलेले आठ महिने हवा कोरडी होत जाते. भारतात या झाडाचा प्रयोग करायचाच झाला तर उटी किंवा कोडाईकनालच्या उंचीवर विचार करता येईल, सह्याद्रीत नाही.

दुसरे कारण कायद्याचे आहे, आणि त्याहून अधिक ते आपल्या माडांचे आहे. भारताच्या २००३ सालच्या वनस्पती संगरोध आदेशानुसार बी किंवा रोप आणायला आयात परवाना आणि निघणाऱ्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. सामानात किंवा पाकिटात घालून पाठवणे गुन्हा आहे. गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा यांनी गुहागरच्या वाड्यांत काय केले, हे वडिलांना विचारा. जमैका आणि फ्लोरिडात घातक पिवळ्या रोगाने विसाव्या शतकात नारळाच्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या. अशी एखादी नवी कीड किंवा रोग कोकणात आपल्या हौसेमुळे पोहोचू नये. भावाला उंच, डौलदार माडच हवा असेल तर भेरली माड लावायला सांगा. तो सह्याद्रीचाच आहे, त्याची माशाच्या शेपटीसारखी पाने दुरून ओळखू येतात, आणि पाचगणीचा पाऊस त्याला नवा नाही.

बियांचा विषय निघालाच आहे म्हणून एक सांगते. पुढे कधी दुसरे रोप घ्यावेसे वाटले, तर ते लागवडीतल्या झाडाच्या बियांपासून केलेले आहे याची खात्री करूनच घ्या. कोलंबियाने १९८५ मध्ये या माडाला कायद्याने राष्ट्रीय वृक्ष ठरवले, तरी त्याची स्थिती बिकट आहे. कोकोरा दरीत आपण जे उंच माड कुरणात उभे पाहिलेत, त्यांच्या पायथ्याशी एकही लहान रोप आपल्याला दिसले नसेल. जंगल तोडून कुरणे केली तेव्हा मोठी झाडे राखली गेली, पण त्यांचे बी रुजले तरी कोवळे रोप उघड्या उन्हात होरपळते, नाहीतर गाईगुरे खातात. म्हणजे त्या कुरणांत म्हातारे आहेत आणि नातवंडे नाहीत. पिवळ्या कानांचा पोपट याच माडांच्या पोकळ खोडांत घरटी करतो. तो संपलाच असे वाटत असताना १९९९ मध्ये तोलिमा प्रांतात त्याचे ८१ पक्षी सापडले. पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, मिरवणुकीसाठी या माडाची कोवळी पाने तोडण्याची जुनी प्रथा होती, ती थांबवण्यासाठी चर्चसह सर्वांनी मिळून मोहीम चालवली आणि पोपटांची संख्या वाढत गेली. आपल्या परसातले एक रोप त्या दरीला वाचवणार नाही. शिवाय नर आणि मादी झाडे वेगळी असल्याने एकटे झाड बीही धरणार नाही. तरीही ते नीट वाढावे असे मला मनापासून वाटते.

आज संध्याकाळी एक करा. सुईवर, तिच्या शेजारच्या पानाच्या देठाच्या टोकाशी जुळेल अशा उंचीवर, शिवणकामाचा रंगीत दोरा सैल बांधा किंवा पेन्सिलीने बारीक खूण करा आणि तारीख लिहून ठेवा. दर पंधरा दिवसांनी खूण किती वर सरकली ते मोजा. पहिला महिना ती हलली नाही तरी घाबरू नका, मीठ निघून मुळे सावरायला तेवढा वेळ लागतो. सहा आठवड्यांनंतरही ती जागची हलली नाही, किंवा सुईचा रंग बुडाकडून तपकिरी होऊ लागला, तर पाणी कमी करून सुईचा आणि बुंध्याचा जवळून काढलेला फोटो मला लगेच पाठवा.